लोट्यावरचा अंगठा

आमच्या घरी पितळेचा एक लोटा आहे. तो उपडा केला की त्यातलं सगळं पाणी सांडतं, झटकून दाखवला तरी थेंब पडत नाही, आणि थोड्या वेळानं उचलावा तर पुन्हा काठोकाठ भरलेला. आमचे हे जादूचे प्रयोग करायचे, त्यात सगळ्यात जास्त टाळ्या हा लोटा घ्यायचा. त्याचं गुपित आम्ही माझ्या सख्ख्या नणंदांनाही कधी सांगितलं नाही, आणि ते काढून घ्यायला नणंदांनी काय काय केलं ते वेगळंच. आता सांगायला हरकत नाही. लोटा आता फडताळात बसून असतो.

त्याला दोन भिंती आहेत. लोट्याच्या आत लोटा, आणि दोघांच्या मधल्या पोकळीत चोरून भरलेलं पाणी. आतल्या लोट्याला तळाशी एक छिद्र, आणि बाहेरच्याला मानेखाली दुसरं, तांदळाच्या दाण्याएवढं. बाहेरचं छिद्र अंगठ्यानं दाबून धरलं की मधलं पाणी जागचं हलत नाही, लोटा कितीही उपडा करा. अंगठा उचलला की हवा शिरते आणि ते पाणी गुपचूप आत उतरतं. बस, एवढंच. मंत्र नाही, तंत्र नाही, सगळा खेळ डाव्या हाताच्या अंगठ्याचा. आणि माझं काम काय, तर त्या अंगठ्याकडे न बघणं. ते काम मी फार चांगलं केलं आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

लाखनीला हायवेच्या कडेला आमचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानामागे घर, घरामागे आवार, आणि थोडी धानाची शेती असल्यामुळे आवारात तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग. नवीन भांड्यावर नाव घालून द्यायचं काम हेच करायचे. उजव्या हातात घरघरणारं मशीन, डाव्या हातात भांडं. लग्नसराईत लोकांची रांग लागायची आणि हे नाव घालता घालता गिऱ्हाइकाच्या कानामागून नाणं काढून दाखवायचे. सासरे होते तोवर त्यांना ते आवडायचं नाही. भांडी विकतो की माकडं नाचवतो, असं ते विचारायचे.

भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकी-जावई येतात, सोयरे जमतात, दिवसा दंडार नाचते, म्हणजे ढोलकीवर नाच-सोंगं होतात, जिलेबीची दुकानं लागतात, आणि कोणाच्या पोरीला कोणता पोरगा दाखवायचा हेही तिथंच ठरतं. दंडार जरा थांबली की मधल्या वेळात यांचा प्रयोग. त्या दिवसांत दुकान दिरांवर सोपवून हे गावोगाव फिरायचे. माझं लग्नही तसंच जमलं. माझं माहेर बपेऱ्याकडचं. आमच्या गावच्या मंडईत यांचा प्रयोग झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरगा आलाच आहे तर पोरगी पाहून घ्या, म्हणून कोणीतरी त्यांना आमच्या दारापुढच्या छपरीत आणून बसवलं. वेगळा खर्च नको.

मी पाणी दिलं आणि खाली मान घालून बसले. माझ्या काकांना राहवेना. म्हणाले, "पाहुणे, थो लोटा आमाले घरी दाखवा ना जी." यांनी थैलीतून लोटा काढला, गप्पा मारत मारत अंगणात पाणी ओतलं, लोटा रिकामा केला. सगळे यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण हे बोलतातच तसं. मला मात्र मान वर करायची सोय नव्हती. माझ्यासमोर होता फक्त यांचा हात. मला अंगठा उचललेला दिसला.

पोरीला काही विचारायचं असेल तर विचारू द्या, असं पाहुण्यांकडच्या एका म्हाताऱ्यानं म्हटलं. अशा वेळी पोरी मान हलवून नाही म्हणतात. मी म्हटलं, "यायनं अंगठा काहून उचलला?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून विसरले नाही. म्हाताऱ्याला काही कळलं नाही. हे मात्र पोट धरून हसले आणि तिथंच हो म्हणून मोकळे झाले. पुढं कोणी विचारलं की सांगायचे, "पुऱ्या मंडईनं थो अंगठा नाई पाहिला, हिनं पाहिला. हिले घरी आणलं नसतं तर माहा धंदा बसला असता."

आणल्यावर आधी त्यांनी मला ते बघणंच विसरायला लावलं. झालं असं की लग्नानंतर मी पहिल्यांदा गर्दीत उभी राहून प्रयोग पाहिला आणि मला एक गोष्ट दिसली. लोटा खाली ठेवायच्या आधी हे स्वतःच अंगठ्याकडे बघतात. अगदी निमिषभर, पण बघतात, आणि पुढच्या रांगेतले दोघेतिघे त्यांच्या नजरेमागोमाग तिकडे जातात. घरी आल्यावर मी म्हटलं, "तुमीच पाहता, मंग लोक काहून नाई पाहाचे?" त्यांना ते लागलं. जेवले नाहीत धड. सकाळी उठून म्हणाले, "तू बरोबर बोलली. आता तूच सांग का कराचं ते."

तेव्हापासून त्या लोट्याची मालकी अर्धी माझी झाली. मागच्या आवारात, तणशीच्या ढिगाशेजारी, आम्ही दुपारच्या दुपार सराव करायचो. लोटा बादलीत बुडवून ठेवायचा, बुडबुडे थांबले की भरला. मग ते ओतणार आणि मी समोरच्या पेरूच्या झाडाकडे असं बघणार की जणू तिथं कोणी उभं आहे. ते मध्येच खोकायचे, शिंकायचे, लोटा पडल्यासारखा करायचे. माझी नजर अंगठ्याकडे गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी चिडायचे, लोटा त्यांच्या अंगावर ओतायचे. पण हळूहळू जमलं. इतकं जमलं की अंगठा समोर असूनही मला तो दिसेनासा झाला. माणूस घरातल्या घड्याळाचा आवाज ऐकेनासा होतो तसं काहीतरी.

मी मंचावर यायला लागले तेव्हा आधी चमकीची साडी नेसून बघितली. लोकांनी साडी पाहिली, पुन्हा लोट्याकडे वळले. साडी किती वेळ पाहणार? मग मला आमच्याच छपरीतली ती सकाळ आठवली. मंडईला आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय बघायला आवडतं? दुसऱ्याची सोयरीक. आम्ही प्रयोगच बदलला. हे गर्दीतून एखाद्या बिनलग्नाच्या पोराला वर बोलवायचे आणि ओरडायचे, "पाहुणे आले वो, पाणी आणा!" मी डोक्यावर पदर घेऊन यायचे. हे लोट्यानं पोराच्या पायावर पाणी घालायचे, हातावर घालायचे, आणि मी त्याची चौकशी करायचे. शेती किती, भाऊ किती, चहात साखर किती. पोरगा लाजायचा, त्याचे मित्र खालून भलतीच उत्तरं द्यायचे, बाया पदरात तोंड घालून हसायच्या. तेवढ्यात पाणी संपायचं. हे लोटा उपडा करून दाखवायचे, आणि मी कपाळावर हात मारायचे, "पाहुणा तहानलेला आन् घरात पाणी नाई! मोडली सोयरीक!" आमच्याकडे पाहुण्याला पाणी न देण्याइतकी मोठी लाज नाही, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्या बिचाऱ्याच्या तोंडावर. मग मी लोटा उचलायचे आणि त्यातून भरभरून पाणी त्याच्या ओंजळीत. टाळ्या, शिट्ट्या.

कोणी विचारलं की मी आयुष्यात काय केलं, तर मी हे केलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी यांनी लोट्यात सुधारणा करायला सुरुवात केली. आधी भंडाऱ्याला आमच्या ओळखीच्या कासाराकडे जाऊन छिद्राच्या कडेनं पितळेचा एक बारीक गोल झाळून आणला. म्हणाले, न बघता भोक सापडलं पाहिजे, बोटाला लागलं पाहिजे. मला पटलं. किती बारीक विचार करतात, असंही वाटलं. थोड्या दिवसांनी तो गोल आणखी जाड करून आणला. मग एकदा शहापूरच्या एका शाळेत प्रयोग करताना उपड्या लोट्यातून पाणी टपकलं. यांनी लगेच सांभाळून घेतलं, "लोट्याले घाम आला, लगित काम करते बिचारा," आणि पोरं हसली. मीही हसले. घरी येऊन ते म्हणाले की अंगठा फार पुढं दिसतो, छिद्र मागं घेऊ, तळव्याच्या बुडाखाली. जुनं बुजवलं, नवीन पाडलं. मी म्हटलं, "हे तं आधीच सुचाले पायजे होतं." मग लोट्याच्या मानेला लाल कापडाची पट्टी आली. ती म्हणे शोभेसाठी.

प्रत्येक सुधारणेमागं कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं वाटावं असं होतं. जादूगार माणूस खोटं कारण देतो ते खऱ्यापेक्षा चांगलं असतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण ते लोकांसाठी. माझ्यासाठीही असेल असं कसं सुचावं?

घरात काही दिसलं नाही का, असं माझी मुलगी मला विचारते. तिच्या आवाजात राग असतो आणि तो बरोबरच आहे. दिसलं. स्टीलच्या ताटाच्या कडेनं यांचा डावा हात कापायचा आणि यांना कळायचंही नाही. नव्या ताटावर रक्ताचा डाग मी पुसला आहे. विचारलं तर म्हणायचे, भांडेवाल्याचा हात आहे, घट्टे पडलेत. कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता, तोही मी पाहिला होता. उन्हाचा आहे म्हणाले. त्यानंतर घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागले, तर मी म्हटलं, म्हातारपणी साहेब झाले. आणि एकदा शेजारच्या बाया बसल्या होत्या, चुलीवरचा चहाचा गंज मी सांडशीनं उतरवणार तेवढ्यात यांनी तो डाव्या हातानं उचलून खाली ठेवला. बाया बाप्पा बाप्पा करायला लागल्या. हे म्हणाले, "मंतर हाय." संध्याकाळी हाताला फोड आलेला दिसला तेव्हा मी त्यांना असं काही झापलं की विचारू नका. बायांसमोर कसली मर्दुमकी दाखवता, असं म्हटलं. हात का भाजला हे विचारलं, हात भाजताना कळलं का नाही हे विचारलं नाही.

आणि मग ती दुपार. गावातली आशा वर्कर घरोघरी तपासणी करत आली. अंगावर चट्टा आहे का, हातापायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, असं सगळ्यांना विचारायचं होतं. बाईमाणसांना ती बघणार आणि पुरुषांना बघायला तिच्यासोबत एक तरणा पोरगा. मला तिनं आत नेऊन पाहिलं. बाहेर आले तेव्हा पोरगा यांना म्हणत होता, "काकाजी, शर्ट काढा जरा."

हे त्याच्याकडे बघत राहिले आणि मग एकदम ओरडले, "पाहुणे आले वो, पाणी आणा!"

मी क्षणभरही थांबले नाही. लोटा भरलेलाच होता, कारण पुढच्या आठवड्यात प्रयोग होता आणि सराव चालू होता. मी डोक्यावर पदर घेतला आणि छपरीत आले. पोराला बसवलं. हे त्याच्या हातावर पाणी घालत होते आणि मी विचारत होते, "लगन झालं का बाबू? नाई? शेती किती हाय?" आशा वर्कर खांबाला टेकून हसत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. तीच म्हणाली, "याले पोरगी पाहाच मावशी, लगित चांगला पोरगा हाय." लोटा रिकामा झाला, मी कपाळावर हात मारला, लोटा पुन्हा भरला. पोरगा ओंजळीनं पाणी प्यायला आणि विचारत राहिला की हे कसं झालं. तेवढ्यात आशा वर्करनं घड्याळ बघितलं, अजून अख्खी आळी बाकी होती. "काकाजी, तुमाले काई नाई ना?" तिनं विचारलं. "मले का होते?" हे म्हणाले. तिनं आमच्या दाराशेजारी भिंतीवर खडूनं खूण केली, या घरी तपासणी झाली म्हणून, आणि दोघं निघून गेली.

मला वाटलं यांना मजा आली म्हणून केलं. रात्रीच्या भाजीला काय करू याचा विचार करत मी आत गेले. ती खडूची खूण पावसाळ्यापर्यंत भिंतीवर होती.

मला कळलं ते लोटा घासताना. मंडईच्या आधी मी तो चिंचेनं घासत होते. लाल पट्टी काढली तर खाली छिद्रच दिसेना. मेण भरलेलं होतं. म्हणजे आता ते अंगठ्यानं किंवा तळव्यानं छिद्र दाबतच नव्हते, मेणाची गोळी लावत होते आणि वेळ आली की नखानं काढत होते. हे चांगलं नव्हे. मेण छिद्रात अडकलं तर सगळा प्रयोग फसतो, हे तर त्यांनीच मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. चिंचेच्या हातानं मी बाहेर गेले. ते दुकानात एका बाईच्या परातीवर नाव घालत होते. परात डाव्या हातात नव्हती. गुडघ्यात धरली होती.

आणि तिथं उभी राहून मी किती वर्षांनी कोण जाणे, त्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये जो मांसाचा उंचवटा असतो तो नव्हताच. तिथं खळगा होता. शेवटची दोन बोटं वळलेली होती. हात असा मांडीवर पडला होता, जणू कोणाचा तरी सांभाळायला दिलेला. त्यांनी वर बघितलं, माझी नजर कुठं आहे ते पाहिलं, आणि हात परातीखाली घेतला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती, शांत. तिनं यांना डोळे मिटायला सांगितले. पेनाचं टोक ती हाताला हळूच लावणार, आणि लागलं की यांनी हो म्हणायचं. तिनं टोक लावलं. "हाव," हे म्हणाले. पुन्हा लावलं. "हाव." अंगठा, तळवा, करंगळी, प्रत्येक ठिकाणी "हाव". मला इतकं हायसं वाटलं की मी पदरानं तोंड पुसलं. मग तिनं टोक उचललं आणि लावलंच नाही. हात तसाच हवेत.

"हाव," हे म्हणाले.

ताल धरला होता त्यांनी. तिच्या हाताच्या लयीवर अंदाजानं बोलत होते, जसे मंचावर बोलायचे. डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे पाहिलं. हे डोळे मिटून, मान किंचित वर करून, पुढच्या टोकाची वाट बघत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, लोटा उपडा करतानाचं. मला त्या वेळी इतकी दया आली त्यांची, आणि इतका संताप आला, की दोन्ही एका वेळी कसे येतात हे मला आजही सांगता येणार नाही.

रोग औषधानं बरा होतो, पूर्ण बरा होतो, तिनं सांगितलं. गोळ्या फुकट मिळतात, घाबरायचं कारण नाही, घरात सगळ्यांनी तपासून घ्या. मला लागण होऊ नये म्हणून मलाही तिथंच एक डोस दिला. पण हाताच्या नसा फार दिवस दबून होत्या, त्या आता परत येतीलच असं नाही. सुरुवातीलाच आला असता तर, असं ती म्हणाली आणि थांबली, बहुतेक आमची तोंडं बघून.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"वाटत होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"भांड्याइचं दुकान हाय आपलं. लोक त्यात जेवते. महारोग्याच्या हातचं ताट कोण घेते?"

"लोकाइचं सोडा. मले सांगाचं होतं."

ते समोरच्या नळाकडे बघत म्हणाले, "तुले सांगतलं असतं तर तू अंगठ्याकडं पाहिलं असतं. तू पाहिलं असतं तर साऱ्याइनंच पाहिलं असतं."

हे शास्त्र मीच त्यांना शिकवलं होतं, त्या पहिल्या दिवशी, ते जेवले नव्हते तेव्हा.

गोळ्या संपल्या. रोग गेला. चट्टाही निवळला. दुकान चालू आहे, एकाही गिऱ्हाइकानं भांडं परत केलं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी जरा कुजबुज करून सोडून दिलं. ज्या भीतीपायी त्यांनी हात घालवला ती भीती इतकी पोचट निघाली, याचा मला लोकांवर नाही, त्यांच्यावर राग येतो. नाव घालायला आता पगारी माणूस ठेवला आहे. हे गल्ल्यावर बसतात आणि उजव्या हातानं डाव्या अंगठ्याला तेल चोळत राहतात, डॉक्टरीणबाईनं सांगितलं म्हणून. अंगठा त्यांचं ऐकत नाही.

मागच्या दिवाळीत माझ्या माहेरच्या गावानं फार आग्रह केला. लोटा दाखवाच म्हणाले. मी यांना म्हटलं, लोटा मी धरते, तुम्ही बोला. माझं काम तुम्ही करा, तुमचं मी. छिद्र पुन्हा जुन्या जागी, मानेखाली, पाडून घेतलं. आवारात सराव केला. ते झाडाकडे बघायचे, मी ओतायचे. छान जमत होतं.

मंडईत गर्दी झाली. पोरगा वर आला, लाजला. हे रंगात येऊन त्याची चौकशी करत होते आणि मी त्याच्या हातावर पाणी घालत होते. मग लोटा उपडा करून दाखवायची वेळ आली. माझा अंगठा छिद्रावर दाबलेला. आणि हे बोलता बोलता थांबले. गर्दीकडे, पोराकडे, कुठंच बघेनात. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि तिथंच बघत राहिले. पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली, "बाईच्या अंगठ्यात हाय वो! अंगठा पाहा!" मग काय, सगळ्या मंडईनं पाहिला. लोक हसले, कोणी वाईट बोललं नाही, दंडारवाल्यांनी ढोलकी सुरू करून आम्हाला सोडवलं.

माहेरी आलो तेव्हा मी तणतणत होते. मागच्या अंगणात, मळणीच्या जागेशी बसलो. मी म्हटलं, "इतक्या वर्साचं शिकवलेलं, आन् तुमीच पाहिलं?"

"तुहा अंगठा थरथरला."

"लोट्याले वजन हाय. मी का पोरगी हाय आता?"

त्यांनी ऐकलंच नाही. खाली पडलेली तणशीची एक काडी उचलली. "हात दे. डोळे मिट."

मी म्हटलं काय खुळेपणा आहे, पण हात दिला. डोळे मिटले. काडीचं टोक अंगठ्याला लागलं. "हाव," मी म्हटलं. तळव्याला लागलं. "हाव." करंगळीला. "हाव." मग काही लागलं नाही. ढोलकी लांबून ऐकू येत होती. मी गप्प राहिले. बराच वेळ गप्प राहिले, आणि मला कळलं की ते थांबले आहेत, मुद्दाम थांबले आहेत, डॉक्टरीणबाई थांबली होती तसे.

"लागते तुले," ते म्हणाले. मी डोळे उघडले तर ते माझ्या हातावर वाकून रडत होते.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. माझं लक्ष त्या काडीकडे होतं. आमच्या घरामागे तणशीचा ढीग वर्षभर पडून असतो. त्यातली एक काडी घेऊन मी त्यांना कधी डोळे मिटायला सांगितलं नाही.